सूनबाईच्या आईचं झाड

झाडांबद्दल कोणी काही सांगायला लागलं की मास्तरांच्या कपाळावर आठी चढायची. ऐकून घ्यायचे, नाही असं नाही, पण ऐकताना चेहरा असा करायचे की सांगणाऱ्यालाच आपलं चुकतंय असं वाटावं.

कपड्यांच्या कारखान्यात उभा जन्म कापडाच्या थप्प्या कापण्यात गेला, म्हणून ते मास्तर, कटिंग मास्तर. निवृत्त झाले तेव्हा हातातली मोठी कात्री सुटली आणि छाटणीची छोटी आली. मागच्या अंगणात गुलाब लावले. त्या गुलाबांनी प्रदर्शनांत फिती मिळवल्या. दिवाणखान्यात लग्नाचा फोटो कोपऱ्यात सरकला आणि फिती मधोमध आल्या. त्यावर त्यांची बायको पाहुण्यांना सांगायची, "मला बक्षीस नाही ना मिळालं कधी, म्हणून मी कोपऱ्यात."

सकाळी झारी घेऊन ते अंगणात उतरले की देवाचं एखादं पद म्हणायचे. आवाज भसाडा, पण भाव इतका खरा की शेजारीण खिडकी लावून न घेता उघडी ठेवायची. एका हाताने सुकलेलं फूल खुडायचं, दुसऱ्याने पानाखालची कीड पुसायची, आणि तोंडाने नाव घ्यायचं. त्यांची पूजा ती एवढीच, आणि तेवढी पुरेशी होती.

तर त्या घरातली सून माहेरी निघाली. वहिनीचं बाळंतपण होतं. आई असती तर आईनेच केलं असतं, पण आई मागच्याच वर्षी गेलेली. तिच्या जागी हीच उभी राहणार होती. बॅग भरून झाली, नवरा रिक्षा आणायला गेला, तेव्हा ती सासऱ्यांना आपल्या खोलीत घेऊन आली. पूर्वेच्या खिडकीत, पातळ पडद्याच्या आड, तिच्या आईचं ब्रोमेलियाड होतं. अननसाच्या नात्यातलं झाड. पट्ट्यासारखी लांब पानं बुडाशी एकमेकांना घट्ट बिलगलेली, त्यांचा मधोमध पेला झालेला, आणि पेल्यातून वर आलेला लालभडक तुरा.

"बाबा, एक काम सांगू? हसणार नाही ना?"

"हसण्यासारखं असेल तर हसेन."

"याला पाणी मातीत नाही घालायचं. हा मधला पेला आहे ना, त्यात घालायचं."

"म्हणजे झाडाच्या डोक्यावर!" मास्तर हसलेच. "मग मुळं काय शोभेला दिलीत देवाने?"

"धरून राहायला. रानात हे दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बसतं, तिथे माती कुठली? पितं ते पानांनीच. माती नुसती ओलसर असली की झालं. आणि पेल्यातलं पाणी शिळं झालं की कुंडी आडवी करून ओतून टाकायचं, मग ताजं भरायचं. नाहीतर आतून कुजतं. डासही होतात."

"आणखी काही हुकूम?"

"नळाचं पाणी नको. पानांवर पांढरे डाग पडतात. पावसाचं भरून ठेवलंय, न्हाणीघरात बाटल्या आहेत."

"अगं ऐकलंस का?" मास्तरांनी बायकोला हाक मारली. "माझे गुलाब नळाचं पाणी पिऊन फिती आणतात, आणि सूनबाईच्या झाडाला आभाळातून मागवावं लागतं."

"ऐका जरा," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "आयुष्यभर सांगतच आलात. एक दिवस ऐकलंत तर काही कान झिजणार नाहीत."

"खत घालू नका," सून म्हणाली. "दुपारचं ऊन नको. आणि बाबा, हे खाली बघितलंत का, बुडाशी..."

"कळलं, कळलं." मास्तरांनी हात वर केला. "झाडच आहे ना शेवटी? तू जा निश्चिंत. मला झाडं शिकवायला लागलीस तर उद्या देवाला माणसं कशी करायची ते शिकवशील."

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. सून हसली, वाकून नमस्कार केला आणि गेली.

मास्तर शब्दाचे पक्के होते, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. पेल्यातच पाणी घातलं, पावसाचंच घातलं. कुंडी आडवी करून शिळं पाणी ओतलं. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने अशी पुसली की बायको म्हणाली, "एवढं माझं चष्म्याचं भिंग कधी पुसलं नाहीत." पाणी भरतानाही ते पद म्हणायचे. दुसऱ्याचं झाड आहे, त्यालाही देवाचं नाव कानावर पडू दे, अशा भावनेने.

पण तुरा फिका पडू लागला. लाल होता तो विटकरी झाला, मग तपकिरी. बाहेरच्या पानांची टोकं वाळली. व्याह्यांच्या घरून आलेलं झाड, तेही गेलेल्या माणसाचं, आणि ते फितीवाल्या मास्तरांच्या हातात येऊन मान टाकतंय! लोक काय म्हणतील हा विचार आधी आला. सूनबाईला काय वाटेल हा नंतर. खोटं कशाला सांगायचं, त्याच क्रमाने आला.

त्यांनी कुंडी उजेडात नेली, चष्मा लावला आणि बुडाशी बारकाईने पाहिलं. कारण सापडलं. आईझाडाच्या कुशीला दोन फुटवे होते, बोटभर उंचीचे, पोपटी, टवटवीत. मुख्य झाड वाळतंय आणि हे दोघे माजलेत!

गुलाब लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. डोळा भरलेल्या कलमाच्या खालून, जंगली खुंटातून फुटवा आला की तो वरच्या गुलाबाचं सगळं बळ ओढून घेतो. तो दिसता क्षणी काढायचा. दया दाखवली की कलम गेलंच म्हणून समजा. मास्तरांनी असे कितीतरी काढले होते, आणि म्हणूनच तर फिती आल्या होत्या. त्यांनी कात्री पुसून घेतली. एक काप, दुसरा काप. कडा इतक्या स्वच्छ आल्या की कारखान्यातल्या साहेबानेही शाबासकी दिली असती. जखमेला राख लावली आणि फुटवे मागच्या खताच्या पिंपात टाकून आले.

"वाचवलं बघ झाड," जेवताना ते बायकोला म्हणाले. "पोरीच्या लक्षात आलं नव्हतं. दोन बांडगुळं लागली होती, उडवली."

"तिला विचारायचं तरी."

"पेशंट दगावत असताना डॉक्टर विचारत बसतो का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. बायको मटार सोलत होती, म्हणून मास्तरांनीच उचलला आणि तिलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. वहिनी सुटली होती. मुलगी झाली होती. सूनबाईचा आवाज दमलेला होता आणि उजळलेलाही.

"आणि बाबा, आईचं झाड?"

"ठणठणीत. जरा सुकलं होतं, पण आता धरेल."

"नाही हो, ते आता जाणारच. तुम्ही उगीच मनाला लावून घेऊ नका. जन्मात एकदाच फुलतं ते. फुललं की हळूहळू जातं. आई म्हणायची, माझी काळजी करू नका, पिल्लं सांभाळा." ती हसली. "झाडाच्या वतीने बोलायची ती असं. पिल्लं केवढी झाली आता? आईझाडाच्या निम्म्या उंचीची झाली की सोडवायची, तोवर हात नाही लावायचा. ती तिच्या अंगावरच वाढतात. एक माझं, एक दादाचं, असं ठरलंय आमचं. बाळाच्या खिडकीत ठेवणार म्हणतोय दादा."

मटाराची शेंग बायकोच्या हातात अर्धी उघडली आणि तशीच राहिली.

मास्तरांना खरं सांगायला एक श्वास पुरला असता. तो श्वास त्यांनी घेतला, आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं.

"वाढताहेत," ते म्हणाले. "छान वाढताहेत."

फोन ठेवला.

"वाढताहेत?" बायको म्हणाली. "पिंपात?"

मास्तर मागे गेले. पिंपाचं झाकण काढलं, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला. भाजीची देठं, कुजकी पानं, चहाचा चोथा. या हाताने त्यांनी कधी मळकं कापड उचललं नव्हतं. एक फुटवा सापडला तो चेंगरून बोटांत चिकट लगदा होऊन आला. दुसरा तळाकडे, एका फळाच्या सालीखाली होता. मान मुरगळलेली, पण मधलं पान अजून हिरवं. त्यांनी तो शर्टाला पुसला. शर्ट पांढरा होता.

बायको दारात उभी होती. "केळीचं काय होतं हो?" तिने हळूच विचारलं. "घड उतरला की ती जाते आणि बाजूची पिल्लं वाढतात. लहानपणापासून बघताय ना?"

तेच तर. बघितलेलं होतं. परसात केळ असलेल्या घरात ते लहानाचे मोठे झाले होते. पण झाडाकडे पाहताना त्यांना गुलाबच दिसला, आणि गुलाबात फिती दिसल्या.

छोट्या कुंडीत झाडाच्या सालीचे भरड तुकडे आणि थोडा कोळशाचा चुरा घालून त्यांनी ते पिल्लू बसवलं. मुळं नव्हतीच, म्हणून काडीला सैल दोऱ्याने टेकवलं. अंगठ्याएवढ्या त्याच्या पेल्यात पावसाच्या पाण्याचे थेंब सोडले आणि कुंडी मागच्या भिंतीच्या सावलीत, झाऱ्यांच्या आड ठेवली.

"तिला फोन करा," बायको म्हणाली. "आत्ता."

"बाळंतिणीच्या घरात कशाला तिच्या जिवाला घोर? आल्यावर सांगतो."

"तोवर हे तगलं तर एकच मेलं म्हणाल. आणि तेही आपोआप. असंच ना?"

मास्तरांच्या मनात अगदी तेच चाललं होतं. आपल्या मनातला क्षुद्रपणा दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो तेव्हा माणसाला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. ते झारी उचलून उगीच गुलाबांना पाणी घालू लागले. सकाळी घातलेलं होतं.

सूनबाईने फोटो मागितला. मास्तरांनी वरून काढला, बुडासमोर बाटली ठेवून. उत्तर आलं, "पेला किती स्वच्छ ठेवलाय बाबा! खालचं दिसत नाहीये, पण पिल्लं तुमच्या हातात आहेत म्हणजे काळजी नाही." हे त्यांनी परत परत वाचलं. शिव्या परवडल्या असत्या.

आणि त्यांचं पद बंद झालं. सकाळी अंगणात उतरायचे, पहिली ओळ ओठांवर यायची आणि तिथेच अडायची. शेजारणीने खिडकीतून विचारलं, "मास्तर, घसा बसला का हो?"

"हो, जरा गारवा लागला."

हे आणखी एक खोटं. देवाला सगळं ठाऊक असतं हे मास्तर लहानपणापासून ऐकत आले होते, आणि त्याचा त्यांना फार आधार वाटायचा. आता त्याचीच लाज वाटत होती. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याच्यासमोर पद म्हणायचं कोणत्या तोंडाने? देव रागावेल अशी भीती त्यांना नव्हती. तो नुसता ऐकून घेईल, नेहमीसारखा, प्रेमाने, हेच सोसवत नव्हतं.

सूनबाई परतली त्या दिवशी सोबत तिचा दादा होता. तिला सोडून लगेच माघारी फिरणार होता. दारात त्याने चपला काढल्या, पण हातातलं खाली ठेवलं नाही. निळ्या चकाकीची मातीची नवी कुंडी होती, दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, बाळ धरावं तशी.

"नमस्कार बाबा. तळाला भोकं आहेत ना ते बघूनच घेतली," तो म्हणाला. "पाणी साचलेलं चालत नाही म्हणे याला. ही सारखी सांगते, बाबांच्या हाताला गुण आहे. म्हटलं तुमच्याच हाताने लावून घेऊन जावं."

मास्तर कुंडीकडे बघत राहिले. रिकामी होती. आत अजून दुकानातल्या कागदाचा बोळा होता.

"मी चहा टाकते," बायको म्हणाली आणि आत गेली. जाताना तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, मदतही नव्हती.

"बसा ना बाबा, उभे का?" सून म्हणाली आणि आपल्या खोलीकडे वळली.

"थांब," मास्तर म्हणाले. "आधी ऐक. पिल्लं मी कापली."

ती वळली. चेहऱ्यावर अजून मघाचं हसू होतं, ते कुठे जावं हे त्यालाच कळत नव्हतं.

"मला वाटलं, झाडाचं बळ ओढून घेताहेत. गुलाबाचे जंगली फुटवे असतात तसे. तू सांगत होतीस खाली बघा म्हणून, मी सांगू दिलं नाही."

"कधी?"

"तू गेल्यावर."

"फोनच्या आधी की नंतर, बाबा?"

मास्तरांनी मान खाली घातली. "आधी."

सून खोलीत गेली. दादा तसाच उभा होता. कुंडी खाली ठेवावी की धरून ठेवावी, हे त्याला ठरवता येईना. ती बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते.

"कापलीत त्याचं एक वेळ समजू शकते मी. वाईट वाटतंय, खूप वाटतंय, पण समजतं. पण तुम्ही वाढताहेत म्हणालात ना, त्या शब्दावर मी याला कुंडी आणायला पाठवलं. आई गेल्यापासून आम्ही दोघं तिच्याबद्दल रडल्याशिवाय बोललो नव्हतो. त्या दिवशी पहिल्यांदा हसलो. ती झाडाच्या वतीने कशी बोलायची त्याची नक्कल करून."

"चुकलो, बाळा."

"हो," ती म्हणाली. नाही हो, असू द्या, असं काही ती म्हणाली नाही.

मास्तर मागे गेले आणि झाऱ्यांच्या आडून छोटी कुंडी घेऊन आले. पिल्लू काडीला टेकून उभं होतं. मुरगळलेल्या जागी तपकिरी वळ होता, पण मधोमध एक नवं पान निमुळतं होऊन वर आलेलं. "हे एक आहे. मुळं धरली की नाही ते ठाऊक नाही. उपटून बघायचं धाडस झालं नाही. दुसरं... दुसरं गेलं."

सुनेने कुंडी घेतली, पानावरून बोट फिरवलं आणि दादासमोर धरली. "घे."

"अगं, तुझं?"

"माझ्याकडे आई आहे," ती म्हणाली.

हे ऐकल्यावर मास्तरांना भिंतीला हात लावावा लागला. दिवाणखान्यातली तीच भिंत होती. हाताखाली एका फितीची चौकट आली आणि वाकडी झाली.

चहा आला. दादा भला माणूस होता. म्हातारा माणूस असा उभा बघवेना म्हणून असेल, तो म्हणाला, "बाबा, याची निगा कशी राखायची ते तरी सांगा. मला झाडातलं ओ की ठो कळत नाही."

"मी काय सांगणार? सूनबाईने मला सांगितलं तेच सांगतो," मास्तर म्हणाले. मग एकेक शब्द सांभाळत, वर्गात उभं केलेल्या मुलासारखे म्हणाले, "पाणी मातीत नाही, पेल्यात. माती नुसती ओलसर. शिळं झालं की कुंडी आडवी करून ओतायचं. पावसाचं पाणी, नळाचं नको, डाग पडतात. खत नको. पडद्याआडचा उजेड. अजून रुजलेलं नाही, तेव्हा इतक्यात मोठ्या कुंडीत हलवू नका, ही छोटीच त्यात ठेवा. आणि..." इथे त्यांचा आवाज बारीक झाला, "आणि फुललं की मग बुडाशी बघायचं. पिल्लं येतील. त्यांना हात लावायचा नाही."

सून खिडकीबाहेर बघत होती.

पुढे घरात भांडण झालं नाही. ती "बाबा, चहा" म्हणायची, "बाबा, औषध घेतलंत का" म्हणायची, सगळं पूर्वीसारखं. मास्तरांना तेच जास्त लागायचं. झाडाला पाणी मात्र ती स्वतः घालायची. बाटली पेल्यावर धरायची तेव्हा खोलीचं दार उघडं असायचं आणि मास्तर त्या दारावरून जाताना मान वळवायचे नाहीत. छाटणीची कात्री त्यांनी कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली. गुलाब वेडेवाकडे वाढले. प्रदर्शनाचं बोलावणं आलं, तर "यंदा नाही" म्हणून कळवलं. बायको म्हणाली, "गुलाबांनी काय घोडं मारलंय तुमचं?" तेव्हा ते नुसते ओशाळं हसले.

एका सकाळी ते अंगणात गप्प पाणी घालत असताना वरून हाक आली.

"बाबा! जरा वर येता?"

जिना चढताना मनात एकच होतं. झाड गेलं असणार, दुसरं काय? सून खिडकीशी वाकून उभी होती. आईझाडाची बाहेरची पानं आता कागदासारखी झाली होती, तुऱ्याची नुसती काडी उरली होती.

"हे बघा. इथे, त्या... त्या कापलेल्या जागेच्या वर. हे काय आहे? माझी नजर पोचत नाही."

मास्तर वाकले. चष्मा पुसला, पुन्हा वाकले. दोन वाळक्या पानांच्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी पोपटी टोक होतं.

"कीड आहे का?"

"नाही. फुटवा आहे. म्हणजे पिल्लू. जाता जाता अजून एक काढतेय ती."

सुनेने तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "ही वाळकी पानं त्याला दाबताहेत का हो? जरा बाजूला करून बघा ना."

मास्तरांचे दोन्ही हात पाठीमागे होते, एकमेकांत घट्ट धरलेले. वर येताना ते कधी तिथे गेले हे त्यांनाही कळलं नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "तूच कर. मी सांगतो हवं तर. नाही, सांगतही नाही. तुला येतं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, पाठीमागे धरलेल्या हातांकडे पाहिलं. मग अलगद बोटाने एक वाळकं पान बाजूला सारलं आणि तसंच धरून ठेवलं.

"बाबा, माझे हात अडकलेत," ती म्हणाली. "न्हाणीघरातली बाटली तेवढी आणा. पावसाची."

ते बाटली आणायला गेले. परत येताना ती त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.